आधी तुझी स्वतःची वाक्यं

पुणे

चि. सोनू,



तुझा लांबलचक मेसेज मिळाला. फोनवर हे बोलून संपायचं नाही, म्हणून पत्रच लिहितेय. सवडीनं वाच, आणि यातलं सगळं एकदम करायला घेऊ नकोस.

तुम्हा नवराबायकोचं कॅनडाला जायचं ठरत आलंय. २०२३पासून एक्स्प्रेस एंट्री या तिथल्या स्थलांतराच्या योजनेत फ्रेंच येणाऱ्यांची वेगळी निवड होऊ लागली, आणि चंडीगडच्या सेक्टर ३४मधल्या आयईएल्ट्स क्लासच्या गर्दीत आता फ्रेंचचंही बोलणं तुझ्या कानावर पडतंय. तू मला दोन गोष्टी विचारल्यास. एकोणचाळिसाव्या वर्षी नवी भाषा डोक्यात शिरेल का? आणि दहावीला फ्रेंचमध्ये ९५ मार्क मिळूनही एक वाक्य धड बोलता येत नाही, म्हणजे मला भाषेचं अंगच नाही का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आपल्याकडे शाळेत फ्रेंच-जर्मन घेतात ते बहुतेक वेळा टक्केवारी वाढावी म्हणून. ठरलेले उतारे, ठरलेली भाषांतरं, क्रियापदांचे तक्ते. त्या परीक्षेत जे विचारलं ते तू चोख केलंस. बोलायला तुला कुणी सांगितलंच नव्हतं आणि ऐकायला तर नाहीच. तेव्हा त्या मार्कांवरून तुझ्या कुवतीचा काहीच अंदाज बांधू नकोस, चांगलाही नाही आणि वाईटही नाही. ते तक्ते मात्र तळाशी कुठेतरी आहेत. भाषा कानावर पडायला लागली की त्यातलं बरंचसं आपणहून वर येईल, तेव्हा तुला आश्चर्य वाटेल.

आता वयाचं. मुलांचा उच्चार आपल्यापेक्षा सरस होतो, हे खरं आहे. पण सुरुवातीच्या महिन्यांत मोठी माणसं मुलांच्या पुढेच असतात, कारण नियम समजून घेणं, तुलना करणं, स्वतःच्या अभ्यासाची आखणी करणं मोठ्यांना जमतं. मुलं त्यांना नंतर गाठतात. आणि आपल्या माणसांत उदाहरणं कमी आहेत का? पु. ल. देशपांडे पन्नाशीच्या सुमाराला बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले आणि त्यातून आपल्याला ‘वंगचित्रे’ मिळालं. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९मध्ये घर सोडून निघाले, आधी संस्कृत शिकले आणि मग सिंहलद्वीपात कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात जाऊन पाली. पंडिता रमाबाईंनी केडगावला बायबल मराठीत आणायचं म्हणून हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला. या तिघांची बुद्धी असामान्य होती, तू म्हणशील. होतीच. पण मला त्यांच्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. पु.लं.ना रवींद्रनाथ मुळातून वाचायचे होते, कोसंबींना बुद्धाचं वचन मूळ शब्दांत हवं होतं, रमाबाईंच्या हातात पुरं करायचं एक काम होतं. भाषेआधी त्यांच्याकडे त्या भाषेत करायचं काहीतरी होतं. माझं तुला सांगणं याच्याशीच बांधलेलं आहे: मोठ्या वयात भाषा शिकायची तर स्वतःला जे बोलायचं आहे तिथूनच सुरुवात करावी. बाकीच्या साऱ्या युक्त्या त्यामागून.

तुला काय बोलायचं आहे? तू एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या खोलीत काम करतेस. दिवसभर तोंडात असतं: श्वास घ्या, रोखून धरा, सोडा, हलू नका. मग तुझं पहिलं फ्रेंच हेच असू दे. अँस्पिरे, ब्लोके, रेस्पिरे. न बूझे प्ल्यू. त्यापुढे, तुमच्या अंगावर काही धातू आहे का, तुम्ही गरोदर आहात का, आधी कधी ही तपासणी केली होती का, दुखतंय कुठे. एक जाड वही घे आणि आठवडाभर ड्यूटीवर तू मराठीत, हिंदीत, मोडक्या पंजाबीत जे जे बोलतेस ते रात्री त्यात उतरव. मग घरातलं: गॅस संपला, मुलाला ताप आहे, दूध आणायचंय, तू कधी येणार. मग आपली माहिती: मी नाशिकची, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले, वडील शिक्षक होते. या वाक्यांची फ्रेंच रूपं शिक्षकांकडून तपासून घे. शब्दकोशातून किंवा मशीनकडून आणलेलं वाक्य तपासल्याशिवाय पाठ करू नकोस, कारण चुकीचं वाक्य एकदा बसलं की काढताना दुप्पट कष्ट पडतात.

पाठ्यपुस्तकात पहिल्या धड्यात पॅरिसच्या कॅफेत कॉफी मागवणारी माणसं असतात. तो धडाही करायचाच आहे, पण तो तुझा नव्हे, त्यामुळे तो विसरला जातो. ‘हलू नका’ हे तू रोज शंभर वेळा म्हणतेस. प्रत्येक वेळी मनात फ्रेंच म्हणालीस तर वेगळा अभ्यास करावाच लागणार नाही.

पुष्कळजण सांगतील की मुलांच्या गोष्टीची पुस्तकं वाच, सोपी असतात. माझं मत तसं नाही. फ्रेंच परीकथांमध्ये भूतकाळाचं जे रूप असतं ते आज बोलण्यात कुणी वापरत नाही, ते फक्त पुस्तकी आहे. शिवाय लांडगा, चेटकीण आणि भोपळा हे शब्द तुला कॅनडातल्या इस्पितळात कशाला लागणार? त्यापेक्षा नोकरीच्या जाहिराती वाच, औषधांच्या माहितीपत्रकातली फ्रेंच बाजू वाच, डेकॅथलॉनमधून आणलेल्या तंबूवरच्या सूचना वाच. त्यातलं निम्मं तुला विषय माहीत असल्यामुळे आपोआप कळेल. मोठ्या माणसाकडे असलेली ही पुंजी आहे, ती वापर.

आता कान. पहिले दोन-तीन आठवडे व्याकरणाला थोडं थांबायला सांग आणि ध्वनींना वेळ दे. फ्रेंचमध्ये दोन शब्द आहेत, एकाचा अर्थ वर आणि दुसऱ्याचा खाली, आणि फरक फक्त एका स्वराचा. खालीसाठीचा आपल्या ‘ऊ’सारखा आहे, तो जमतो. वरसाठीचा आपल्याकडे नाही. जीभ ‘ई’ म्हणताना असते तशी पुढे ठेव आणि ओठ ‘ऊ’साठी करतो तसे गोल कर, जीभ मागे घसरू देऊ नकोस. आरशासमोर कर. हा एक स्वर नीट साधला नाही तर समोरचा माणूस वरचं खाली समजेल, आणि स्कॅनच्या टेबलावर त्याला महत्त्व आहे.

नाकातून निघणाऱ्या स्वरांचं तुला चंडीगडनं आधीच शिक्षण दिलंय. आपण मराठीत अनुस्वाराचा बहुतेक वेळा पुढच्या व्यंजनाप्रमाणे न किंवा म करतो. पंजाबीत ‘असीं’, ‘तुसीं’, ‘कित्थों’ म्हणताना नुसता स्वर नाकात जातो, मागे न उरत नाही. तुझ्या शेजारच्या बाई बोलतात तेव्हा ऐक. फ्रेंचमध्ये हवेत ते हेच. फक्त तिथे असे स्वर तीन-चार आहेत आणि त्यांत गल्लत केली तर वारा, दारू आणि ‘ते जातात’ हे तिन्ही एक होऊन बसतात.

मराठी माणसाला मिळालेली एक देणगी बहुतेकांना ठाऊकच नसते. फ्रेंचचे त, द, प, क हे आपले साधे त, द, प, क आहेत, त आणि द दातांजवळचे आणि सगळेच हकाराशिवायचे. इंग्रज माणसाला ते वर्षानुवर्षं जमत नाहीत, कारण त्याचा ट टाळूकडे जातो आणि प मधून हवा सुटते. आपल्याला ते आईकडून मिळालेले आहेत. घोटाळा कुठे होतो? फ्रेंच शब्द लॅटिन अक्षरांत दिसला की आपल्याला इंग्रजी आठवतं, आणि ‘ताब्ल’ म्हणायचं तिथे आपण ‘टेबल’ म्हणतो. तेव्हा टी हे अक्षर दिसलं की मनात त आण. माझ्या फ्रेंचच्या वर्गातल्या मराठी विद्यार्थ्यांचा उच्चार या एका सवयीनं महिन्याभरात पालटलेला मी पाहिला आहे. मी इथे देवनागरीत लिहितेय ते तुझ्या कानाला दिशा मिळावी म्हणून. तू वहीत फ्रेंच शब्द देवनागरीत लिहिण्याची सवय मात्र पहिल्या महिन्यानंतर सोड. नाहीतर त्या अर्ध्यामुर्ध्या उच्चारावरच गाडी अडून राहते.

ऐकायला रोज काय घ्यायचं, तर रेडिओ फ्रान्स अँतेरनास्योनालचं सोप्या फ्रेंचमधलं बातमीपत्र. दहा मिनिटांचं असतं, जगातल्या त्या दिवसाच्या खऱ्या बातम्या असतात, आणि सोबत लिखित मजकूरही मिळतो. सुरुवातीला ते तुला झेपणार नाही. पहिले काही महिने टीव्ही५मोंदच्या शिकणाऱ्यांसाठीच्या पातळीवार चित्रफिती घे आणि पुढे याकडे वळ. तुकडा लहान घे, मिनिटभराचा. आधी मजकूर न बघता ऐक. काय चाललंय एवढंच पकड. मग मजकूर समोर ठेवून ऐक, आणि जिथे कान चुकला तिथे पेन्सिलीनं खूण कर. मग निवेदकाच्या अर्धं पाऊल मागे राहून त्याच्याच चालीत मोठ्यानं बोलत जा. आपल्या घरात आरती म्हणताना लहान मुलं मोठ्यांच्या मागोमाग ओढत जातात आणि अर्थ न कळता चाल पक्की करतात, तसंच हे. शेवटी पुन्हा मजकूर न बघता ऐक. एकच तुकडा तीन-चार दिवस पुरव. रोज नवं ऐकण्यानं मनाला बरं वाटतं पण कान तयार होत नाही. मोबाइलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड कर आणि मूळ आवाजाशेजारी ठेवून ऐक. स्वतःचा आवाज ऐकायचा कंटाळा येतो, तरी कर.

कॅनडात जायचं म्हणून आणखी एक. क्वेबेक या तिथल्या फ्रेंचभाषक प्रांतातली माणसं ‘त्यू’ आणि ‘दी’ यांतल्या त आणि द नंतर किंचित घासतात. इतर विद्यार्थी तिथे गोंधळतात. तुला तो ध्वनी घरचाच आहे: ‘चमचा’तला च आणि ‘जहाज’मधला ज. फ्रान्सचं फ्रेंच शिकून झालं, की रेडिओ-कॅनडा ऐकायला लाग आणि चमचा आठव.

व्याकरणाबद्दल लोक तुला सांगतील की व्याकरण विसर, फक्त बोल. मोठ्या माणसाला हा सल्ला देऊ नये असं माझं ठाम मत आहे. आपली बुद्धी कारण विचारते. तिला कारण दिलं की ती दहा वाक्यं एका नियमात बांधते. फक्त व्याकरण समजून घेताना इंग्रजीच्या दारानं आत जाऊ नकोस, मराठीच्या दारानं जा. तिकडून रस्ता पुष्कळ जवळचा आहे.

उदाहरण देते. आपण म्हणतो मी निबंध लिहिला, मी चिठ्ठी लिहिली. कर्ता मीच, पण क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे वळतं. इंग्रजीत असं काही नाही, म्हणून इंग्रजीतून शिकणाऱ्यांना फ्रेंचमधला तो नियम विचित्र वाटतो: कर्म क्रियापदाच्या आधी आलं की भूतकाळाचं रूप त्या कर्माशी जुळतं. ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ असं म्हणायचं तर फ्रेंचमध्येही ‘एक्री’चं ‘एक्रीत’ होतं, शेवटचा त ऐकू येऊ लागतो. ‘तो गेला, ती गेली’ यांतलाही फरक फ्रेंच लिहून दाखवतं, जरी तो उच्चारात ऐकू येत नाही. सर्व क्रियापदांना हे लागू नाही, आणि नियमाच्या कडा आपल्यापेक्षा वेगळ्या आहेत, पण क्रियापदानं दुसऱ्या कुणाच्या लिंगाकडे बघून वळायचं ही कल्पना तुझ्या अंगवळणी आहे. तसंच ‘मला आवडतं’. इंग्रजीत ते ‘आय लाइक’ असं ‘मी’ या कर्त्यापासून सुरू होतं. फ्रेंचमध्ये ‘सा म प्ले’, म्हणजे ते मला आवडतं, आपल्यासारखंच. ‘मला हवं’ यासाठी ‘इल म फो’. ‘तुझी उणीव भासते’ यासाठीही फ्रेंचमध्ये तूच कर्ता असतेस आणि मला कमी पडतेस. तू आणि तुम्ही यांतला भेद तर जसाच्या तसा आहे, आणि तुम्हीबरोबर अनेकवचनी क्रियापद येतं तेही. दुकानदार, डॉक्टर, पेशंट, सासरची मंडळी यांना तुम्ही. मुलाला, मैत्रिणीला, देवाला तू. इतकं मराठीवरून चालतं.

शब्द जोडताना न उच्चारलेलं अक्षर जागं होतं त्याची धास्ती घेऊ नकोस, संधी आपण शाळेत केल्या आहेत. ‘ले’ आणि ‘आमी’ एकत्र आले की ‘लेझामी’. लिंग दोनच आहेत, आपल्यापेक्षा एक कमी. पण शब्द कधीही एकटा पाठ करायचा नाही. ‘अँ’ किंवा ‘यून’ लावूनच करायचा. काही शेपट्या भरवशाच्या असतात: ‘स्यों’नं संपणारे बहुतेक स्त्रीलिंगी, ‘माँ’नं संपणारी नामं बहुतेक पुल्लिंगी. एवढ्यावर शेकडो शब्द मार्गी लागतात.

आकड्यांचा तू मेसेजमध्ये त्रागा केलायस. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, सत्त्याण्णव म्हणजे चार-वीस-सतरा. खरं आहे. पण एकोणऐंशी आणि एकोणनव्वद ज्या मुलीनं पाढ्यांत पचवले तिला हे जड नाही, फक्त वेग हवा. त्याचा सराव रस्त्यावर कर. चंडीगडच्या चौकांत सिग्नलला उभी राहिलीस की पुढच्या गाडीचा चार आकडी नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करून फ्रेंचमध्ये म्हण. फ्रान्समध्ये फोन नंबरही जोड्यांतच सांगतात. कामावर जाता-येता रोज पंधरा-वीस नंबर होतील, वेगळा वेळ न काढता.

त्या शहराचा आणखी एक उपयोग सांगते. रस्ते सरळ, सेक्टर आखलेले, चौक गोल. उजवीकडे, डावीकडे, सरळ, चौकातून दुसरा रस्ता, हे बोलायला असं शहर दुसरं नाही. सुखना तलावाकडे फिरायला जाशील तेव्हा मनात वाटाड्या होऊन फ्रेंचमध्ये रस्ता सांगत जा. शब्द अडला की थांबू नकोस, मराठी घाल, घरी आल्यावर तेवढेच अडलेले शब्द शोध. हे अडलेले शब्द सोन्यासारखे जप, कारण त्यांची गरज तुला खरोखर पडली होती. ते शहर घडवणाऱ्या वास्तुकारांची दोन ठिकाणं, सेक्टर १९मधलं ल कोर्ब्यूझिए केंद्र आणि सेक्टर ५मधलं पिएर झान्नेरेचं घर, पाहून ये. झान्नेरे १९५१पासून १९६५पर्यंत त्या शहरात राहिले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे १९७०मध्ये त्यांच्या अस्थी सुखनात सोडल्या. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ऊर्मिला यूली चौधरी यांनी कोर्ब्यूझिएंचं पुस्तक फ्रेंचमधून इंग्रजीत नेलं. हे सगळं वाचून काढ आणि एका परदेशी पाहुण्याला दाखवतेय अशा थाटात पाच मिनिटं बोलायची तयारी कर. आपल्या गावाबद्दल पाच मिनिटं न अडखळता बोलता येणं ही भाषेतली मोठी मजल आहे, आणि परीक्षेतही ती उपयोगी पडते.

विसरण्याबद्दल. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५मध्ये दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या तासांत आणि पहिल्या दिवसातच झपाट्यानं गळतं, आणि अंतर ठेवून उजळणी केली तर गळती कमी होत जाते. तेव्हा विसरलं म्हणून कपाळाला हात लावू नकोस. विसरायच्या बेतात असताना आठवून काढणं हीच उजळणी. चपलेच्या खोक्यात पाच कप्पे कर. कार्डाच्या एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला फ्रेंच. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्यानं, असं वाढवत ने. आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आलं की परत पहिल्यात. ही लाइटनरची पद्धत. मोबाइलमध्ये हवी तर अँकी हे ॲप घे, ते हेच आपोआप करतं. कार्डावर सुटा शब्द लिहू नकोस, तुझ्या वहीतलं वाक्य लिही. आणि उत्तर मोठ्यानं म्हटल्याशिवाय कार्ड उलटायचं नाही. मोबाइलवरच्या खेळांसारख्या ॲपमध्ये चार पर्यायांतून एक निवडायचा असतो. बसमध्ये वेळ जायला ठीक, पण निवडता येणं म्हणजे आठवणं नाही, आणि बोलताना पर्याय कुणी समोर धरत नाही.

किती वेळ लागेल हेही स्पष्ट सांगते, कारण ‘तीन महिन्यांत फ्रेंच’ अशा जाहिराती तू मला पाठवल्यास. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची संस्था आपल्या अधिकाऱ्यांना पूर्णवेळ फ्रेंच शिकवते. कामापुरतं पक्कं व्हायला वर्गातले सुमारे सहाशे-सातशे तास ती धरते, घरचा अभ्यास वेगळा. तुझी नोकरी आहे, मुलगा आहे. रोज दीड तास तू मोठ्या नेटानं काढशील. म्हणजे निदान दीड वर्ष. यात दचकण्यासारखं काही नाही, फक्त त्या बेतानं अर्जाचं वेळापत्रक आखा. आणि दीड तास एका बैठकीत नको: सकाळी वीस मिनिटं कार्डं, जाता-येता ऐकणं, रात्री जेवणानंतर वही. रविवारी चार तास बसून आठवडा भरून काढता येत नाही.

बोलायला कधी लागायचं? पहिल्या महिन्यातच. तयार झाल्यावर बोलेन म्हणणारे माझे हुशार विद्यार्थी वर्षानं तिथेच उभे असायचे, आणि मोडकं बोलणारे पुढे निघून जायचे. सेक्टर ३६मधल्या अलियान्स फ्रान्सेझच्या वर्गात नाव घाल. पंजाब विद्यापीठातही फ्रेंचचा विभाग आहे, तिथलीही चौकशी कर. वर्गाव्यतिरिक्त आठवड्यातून दोन वेळा अर्धा अर्धा तास कुणाशी तरी फक्त फ्रेंचमध्ये बोलायचं ठरव, ऑनलाइन शिक्षक असो किंवा वर्गातली मैत्रीण. त्यासाठी काही वाक्यं आधी झोपेतही येतील अशी पक्की कर: परत सांगाल का, जरा सावकाश, याला काय म्हणतात, मला असं म्हणायचं होतं, माझं बरोबर आहे ना. ही वाक्यं हाताशी असली की अडल्यावर इंग्रजीत पळावं लागत नाही, आणि संभाषण तुटत नाही. चुका सगळ्या एकदम सुधारायला सांगू नकोस. या आठवड्यात फक्त भूतकाळ सांभाळायचा, पुढच्या आठवड्यात लिंग, असं शिक्षकांना सांग.

लाजेचं मी मुद्दाम वेगळं लिहितेय. तू खात्यात वरिष्ठ आहेस, चार माणसं तुझ्या हाताखाली आहेत, आणि इथे तुला पाच वर्षांच्या पोरासारखं बोलावं लागणार. मोठी माणसं शिकणं सोडतात ती बहुतेक याच ठिकाणी. यावर उपाय तुझ्या दारात आहे: पंजाबी बोल. आपण मराठी माणसं चंडीगडला हिंदीवर भागवतो आणि वर्षानुवर्षं पंजाबीच्या बाहेर राहतो. भाजीवाल्याशी, सोसायटीच्या रखवालदाराशी, पेशंटच्या आजीशी मोडकी पंजाबी बोलायला लाग. घराला ते ‘घर’ म्हणत नाहीत, क सारखा आवाज काढून स्वर खाली उतरवतात. तुझं चुकेल, ते हसतील, दुरुस्त करतील आणि दुसऱ्या दिवशी आपणहून बोलायला येतील. नामदेवांनी तर पंजाबातल्या घुमानमध्ये त्या मुलखाच्या लोकांना कळेल अशा भाषेत पदं केली; गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. चुकत बोलायची सवय एका भाषेत लागली की ती दुसऱ्या भाषेत बरोबर येते. मी हे मनापासून सांगतेय, टाळू नकोस.

परीक्षेकडे शेवटी वळ. फ्रेंचच्या निवडीसाठी ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही कौशल्यांत कॅनडाच्या मोजपट्टीवरची एनसीएलसी ७ ही पातळी लागते, म्हणजे युरोपीय मोजपट्टीवर साधारण बी२. चारपैकी तीन उत्तम आणि एक कमी हे चालत नाही, म्हणून तुझ्या वाचनाच्या जोरावर विसंबू नकोस. ऐकणंच मागे राहतं, आणि टीसीएफ कॅनडा या परीक्षेत ध्वनिफीत एकदाच ऐकवतात. बोलण्याची परीक्षा बारा मिनिटांची असते. आधी स्वतःबद्दल बोलायचं, मग परीक्षकाला प्रश्न विचारून माहिती काढायची, मग एखाद्या विषयावर मत मांडायचं. मधला भाग लोक विसरतात. आपल्याला उत्तरं द्यायची सवय आहे, विचारायची नाही. तू पेशंटना दिवसभर प्रश्न विचारतेस, तेव्हा तिथे तुझी बाजू वरचढ आहे. नमुना प्रश्नपत्रिका शेवटच्या तीन महिन्यांत सोडव, त्याआधी नको. आणि निकाल दोनच वर्षं ग्राह्य धरतात, तेव्हा बाकीची कागदपत्रं मार्गी लागल्याशिवाय घाईनं परीक्षेला बसू नकोस. फीही कमी नाही.

जावईबापूंनाही बरोबर शिकायला बसव. रात्रीच्या जेवणात मीठ, पोळी, भात एवढं जरी फ्रेंचमध्ये मागितलं तरी चालेल. मुलाला मात्र यात ओढू नकोस. त्याला आवडलं तर तो आपणहून येईल, आणि उच्चारात तुम्हा दोघांच्या पुढे जाईल.

वहीतली पहिली दहा वाक्यं तयार झाली की तुझ्या आवाजात रेकॉर्ड करून मला पाठव. न वाचता, बघून न म्हणता. मी ऐकून, कुठे त चा ट झाला आणि कुठे ओठ गोल राहिले नाहीत, ते लगेच कळवीन.

 चिरंजीवांना गोड पापा.

तुझी,
आत्या

ता. क. शब्दकोश फ्रेंच-इंग्रजी घेतलास तरी अर्थ लिहिताना मराठीत लिही. आणि वर्षभरानंतर रोबेर हा फ्रेंच-फ्रेंच शब्दकोश घे. त्याची मुलांसाठीची आवृत्ती मिळते, तिच्यातल्या व्याख्या सोप्या असतात आणि शब्दांना उदाहरणादाखल वाक्यं दिलेली असतात.